चेटकीण, डाकीण आणि दप्तर : चेटूक-आरोपांच्या लिखित साधनांचा तुलनात्मक विचार

१

चेटकाच्या आरोपाचा इतिहास हा पुष्कळ अंशी शेजाराचा इतिहास असतो. दुभती गाय एकाएकी आटते, रांगते मूल दोन दिवसांच्या तापाने दगावते, घुसळूनही लोणी येत नाही. अशा वेळी आपत्तीला कारण हवे असते, आणि त्या कारणाला चेहरा हवा असतो. तो चेहरा बहुधा ओळखीचा असतो : मागच्या आठवड्यात ताक मागायला येऊन रिकाम्या हाताने परत गेलेली म्हातारी, वाटणीवरून भांडलेली भावकीतील विधवा, ज्या घरात मूल जगत नाही त्या घराकडे टक लावून पाहणारी निपुत्रिक स्त्री. सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात आणि एकोणिसाव्या शतकातील खानदेशच्या डोंगराळ भागात ही सामग्री आश्चर्य वाटावे इतकी सारखी आढळते.

दोन्हीकडील साम्याची नोंद मानवशास्त्राने पूर्वीच केली आहे. तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो भेद, आणि तो भेद लिखित साधनांचा आहे. इंग्लंडमध्ये आरोपित स्त्रीचा जबाब लिहिला गेला, छापला गेला, विकला गेला आणि पुढे रंगभूमीवर आला. पश्चिम भारतात आरोप झाले, छळ झाले, हत्या झाल्या. परंतु दप्तरात ती स्त्री बोलताना क्वचितच दिसते. असे का झाले, आणि त्याचे परिणाम मराठी भाषेच्या व वाङ्मयाच्या कल्पनाविश्वावर कोणते झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. चेटूक हा गुन्हा कोणी ठरविला, कोणत्या काळात ठरविला आणि त्या गुन्ह्याचा कागद कोणत्या बाजूने लिहिला गेला, या तीन प्रश्नांवर आरोपित स्त्रीचे वाङ्मयीन अस्तित्व अवलंबून राहते, हे येथील प्रमुख प्रतिपादन आहे.

२

इंग्लंडमध्ये चेटूक हा राज्याच्या कायद्याने गुन्हा ठरला तो आठव्या हेन्रीच्या १५४२ च्या कायद्याने. तो १५४७ मध्ये रद्द झाला. पुढे एलिझाबेथच्या काळात १५६३ मध्ये नवा कायदा आला आणि पहिल्या जेम्सच्या १६०४ च्या कायद्याने तो अधिक कडक झाला. १५६३ च्या कायद्यात चेटकाने मृत्यू घडविल्यास देहदंड होता. त्याहून कमी इजेला पहिल्या अपराधासाठी एक वर्षाची कैद व भर बाजारात खोड्यात उभे करण्याची शिक्षा होती. १६०४ च्या कायद्याने दुष्ट शक्तींशी करार करणे हाच देहदंडास पात्र अपराध मानला. हे कायदे १७३६ मध्ये रद्द झाले. या सुमारे पावणेदोनशे वर्षांत इंग्लंडमध्ये फाशी गेलेल्यांची संख्या इतिहासकार पाचशेच्या आसपास मानतात. युरोपातील एकूण चाळीस ते पन्नास हजार बळींच्या तुलनेने ती अल्प आहे. इंग्लंडमध्ये चेटकिणींना जाळीत नसत, फाशी देत. जाळण्याची प्रतिमा युरोपीय खंडातून व स्कॉटलंडमधून सर्वत्र पसरली.

हा गुन्हा सामान्य फौजदारी न्यायालयांपुढे, म्हणजे फिरत्या सत्र न्यायालयांपुढे आला, ही गोष्ट साधनांच्या दृष्टीने निर्णायक ठरली. स्थानिक न्यायाधीश प्राथमिक चौकशीत जबाब लिहून घेत आणि तेच कागद पुढे खटल्यात येत. अ‍ॅलन मॅकफार्लेन यांनी १९७० मध्ये एसेक्सच्या कागदपत्रांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो या दप्तराच्या आधारावरच उभा आहे. तेथील सत्र न्यायालयांत आरोपित म्हणून आलेल्या २९१ व्यक्तींपैकी पुरुष केवळ २३ होते. मॅकफार्लेन आणि त्यांच्या पाठोपाठ १९७१ मध्ये कीथ टॉमस यांनी असे सुचविले, की आरोपाच्या मुळाशी पुष्कळदा नाकारलेली भीक असते. दान देणे हे जुन्या गावधर्माचे कर्तव्य होते. बदलत्या अर्थव्यवस्थेत ते नाकारले जाऊ लागले. नाकारणाऱ्याच्या मनात अपराधभाव राहिला आणि घरात काही वाईट घडताच त्याने त्याचे खापर याचिकेवर फोडले. पुढील संशोधकांनी या उपपत्तीला मर्यादा घातल्या, स्त्रियांच्या आपसांतील संघर्षाकडे व स्थानिक राजकारणाकडे लक्ष वेधले. तथापि शेजार हा आरोपाचा पाया आहे, हे तिचे सूत्र टिकून राहिले.

या दप्तराच्या जोडीला छापील पुस्तिका आल्या. १५६६ मध्ये चेम्सफर्ड येथे अ‍ॅग्नेस वॉटरहाउस या वृद्ध स्त्रीला फाशी झाली आणि त्याच वर्षी तिची चौकशी व कबुली पुस्तिकारूपाने निघाली. तीत सैतान नावाचे एक मांजर आहे. ते हातांहाती जाते, शेजाऱ्यांच्या जनावरांचा घात करते, लोणी बिघडविते. १५८२ मध्ये सेंट ओसिथ येथील खटल्यावर अशीच पुस्तिका निघाली. १६१२ मध्ये लँकेशरमधील पेंडल भागातील खटला उभा राहिला, त्याचा आरंभ एका फेरीवाल्याकडे मागितलेल्या टाचण्यांतून झाला. अ‍ॅलिझन डिव्हाइस हिने टाचण्या मागितल्या, फेरीवाल्याने दिल्या नाहीत, थोड्याच वेळात तो पक्षाघाताने कोसळला. आणि यातून निघालेल्या चौकशीच्या अखेरीस २० ऑगस्ट १६१२ रोजी लँकेस्टर येथे दहा जण फासावर गेले. त्यांच्यात अ‍ॅलिझन होती आणि तिची आई एलिझाबेथही होती. आईविरुद्ध साक्ष दिली ती धाकट्या जेनेटने. तिचे वय नऊ वर्षांच्या आसपास होते. न्यायालयाचा कारकून टॉमस पॉट्स याने न्यायाधीशांच्या आज्ञेवरून या खटल्याचा वृत्तान्त लिहिला आणि तो १६१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

या जबाबांना आरोपित स्त्रियांचा आवाज मानणे मात्र धोक्याचे आहे. इंग्लंडच्या सामान्य न्यायपद्धतीत कबुलीसाठी शारीरिक छळाला मान्यता नव्हती. परंतु प्रश्न विचारणारा, उत्तर लिहून घेणारा आणि ते छापणारा हे तिघेही सत्तेच्या बाजूचे होते. १६४५ ते १६४७ या काळात पूर्व इंग्लंडमध्ये मॅथ्यू हॉपकिन्स याने रात्रीच्या रात्री जागवून कबुल्या मिळविल्या. कबुलीचा साचा ठरलेला होता आणि आरोपित स्त्रीने आपल्या आयुष्यातील तपशील त्या साच्यात ओतावयाचा होता. म्हणूनच या कबुल्यांत दोन थर दिसतात. करार, खूण, रक्त चोखणारे प्राणी हा एक थर चौकशीकाराचा आहे. न मिळालेले ताक, उसना न मिळालेला यीस्ट, मजुरीवरून झालेला तंटा हा दुसरा थर आरोपितेच्या जगाचा आहे. रेजिनाल्ड स्कॉट याने १५८४ मध्ये चेटकावरील विश्वासाचे खंडन करणारा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याला दुसरा थर स्पष्ट दिसला होता : ज्यांना चेटकिणी म्हणतात त्या दारोदार काही ना काही मागत फिरणाऱ्या दरिद्री वृद्ध स्त्रिया आहेत, हे त्याने सांगितले.

साहित्याने या दुसऱ्या थरालाच हात घातला. १६२१ मध्ये एडमंटन येथील एलिझाबेथ सॉयर हिला फाशी झाली. न्यूगेट तुरुंगाचा धर्मोपदेशक हेन्री गुडकोल याने तिच्या कबुलीची पुस्तिका काढली आणि त्याच वर्षी डेकर, फोर्ड व रौली या तिघांचे तिच्यावरील नाटक रंगभूमीवर आले. पुस्तिकेतील सॉयर प्रश्नांना उत्तरे देते. नाटकातील सॉयर स्वतः प्रश्न विचारते. मी दरिद्री आहे, कुरूप आहे, अडाणी आहे एवढ्यासाठीच मला चेटकीण म्हणतात का, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. जळणाच्या चार काटक्या गोळा केल्याबद्दल तिला मार बसतो आणि गाव जे म्हणते तेच आपण व्हावे, या निर्णयाशी ती येते. न्यायालयाच्या कागदाने जे विचारले नव्हते, ते नाटककारांनी तिच्या तोंडी घातले. परंतु ते घालण्यासाठी कागद आधी असावा लागला.

३

मराठी प्रदेशाकडे वळताना प्रथम मराठेशाहीतील न्यायव्यवस्थेचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. गोतसभा, महजर, तकरीर, करीना, निवाडपत्र अशा कागदांतून ती व्यवस्था आपल्यापर्यंत पोचते. वि. त्रिं. गुणे यांच्या १९५३ च्या ग्रंथाने या पद्धतीचा सविस्तर परिचय करून दिला. तकरीर म्हणजे पक्षकाराचे लेखी निवेदन. परंतु ही कागदपत्रे प्रामुख्याने वतनाच्या, वाटणीच्या, मानपानाच्या तंट्यांतून निर्माण झाली. ज्याला वतन त्याला तकरीर, असे ढोबळमानाने म्हणता येईल. चेटकाचा आळ ज्यांच्यावर येण्याचा संभव अधिक, त्यांना वतन नव्हते.

चेटूक ही राज्याच्या चिंतेची बाब नव्हती, असे मात्र नाही. पेशव्यांच्या रोजनिशीच्या निवडक उताऱ्यांवर न्या. महादेव गोविंद रानडे यांनी १९०० मध्ये जो निबंध वाचला, त्यात त्यांनी या अंगाची दखल घेतली आहे. कोकणात काळी विद्या करणाऱ्यांना हुडकून शासन करण्यासाठी सरकारी माणसे नेमली जात आणि भूतबाधेचे निवारण हेही राज्याच्या कर्तव्यांपैकी एक मानले जाई, असे त्यांच्या विवेचनातून दिसते. सुधारक रानड्यांना हा प्रकार मागासलेपणाचे लक्षण वाटला. तुलनेच्या दृष्टीने त्यातील दुसरी बाजू लक्षणीय आहे : येथे राज्याने आपली भूमिका देवरुषाच्या जवळ ठेवली. उपद्रव शमविणे हे उद्दिष्ट होते. आरोपिताच्या आत्म्याची उलटतपासणी हे उद्दिष्ट नव्हते. मराठी राज्यात दंड, जप्ती, हद्दपारी, किल्ल्यावरील कैद या शिक्षांचा भर होता आणि देहदंड तुलनेने विरळ होता, हे सुमित गुहा यांनी १९९५ मध्ये अठराव्या शतकातील महाराष्ट्राच्या दंडव्यवस्थेवरील निबंधात दाखविले आहे. अशा व्यवस्थेत कबुलीजबाबाचे छापील वाङ्मय निर्माण होण्याचे कारणच नव्हते. छापखाना नव्हता, हे तर उघडच आहे.

सत्यशोधनाच्या साधनांतही बोलण्यापेक्षा दिव्याला मान होता. ऐरणीवरील तप्त लोखंड उचलणे, उकळत्या तेलातुपातून रवा काढणे, पाण्यात बुडी घेणे ही दिव्ये प्रसिद्ध आहेत. स्मृतींतील जलदिव्यात सोडलेला बाण परत आणीपर्यंत जो पाण्याखाली राहील तो निर्दोष ठरे. इंग्लंडमध्ये संशयिताला बांधून पाण्यात सोडीत. बुडेल तो निर्दोष, तरंगेल तो दोषी. पाणी अपवित्राला आत घेत नाही, ही कल्पना जेम्स राजाने १५९७ च्या आपल्या ग्रंथात उचलून धरली होती. दोन्हीकडे पाणी साक्षीदार आहे. फरक असा, की स्मृतींच्या दिव्याला विधी आहे, ते घेण्यास मनुष्य उभा राहतो आणि त्यातून सुटण्याचा मार्ग आहे. इंग्रजी गावकऱ्यांच्या परीक्षेत बांधलेली स्त्री केवळ वस्तू आहे.

गोव्याचे उदाहरण या दोहोंच्या मध्ये येते. तेथील इन्क्विझिशनचे न्यायालय १५६० मध्ये स्थापन झाले, १७७४ ते १७७८ या काळात बंद राहिले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले. धर्मभ्रष्टतेबरोबर चेटूक व अंधश्रद्धेचे अपराधही त्याच्या कक्षेत येत. येथे जबाब लिहिण्याची पद्धत इंग्लंडहून अधिक काटेकोर होती. परंतु खटल्यांचे बहुतेक मूळ कागद नष्ट झाले. जोआंव देल्गादो फिगेइरा याने तयार केलेली १५६१ ते १६२३ या काळातील सुमारे ३,८०० प्रकरणांची सूची तेवढी लिस्बनमध्ये उरली. तीत माणसे नावानिशी आहेत, आरोप आहे, निकाल आहे; बोलणे नाही. कोकणी-मराठी भाषकांच्या मुखातून निघालेले आणि पोर्तुगीजमध्ये उतरलेले जबाब आज उपलब्ध असते, तर या प्रदेशातील चेटूकविचाराचा इतिहास वेगळ्या रीतीने लिहिता आला असता.

४

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. सातपुडा, सातमाळा आणि डांगच्या डोंगरांतील भिल्लांचा बंदोबस्त हा नव्या राज्यापुढील मोठा प्रश्न होता. जेम्स औट्रम याने १८२५ पासून खानदेश भिल्ल पलटण उभी केली. या बंदोबस्ताच्या ओघात इंग्रज अधिकाऱ्यांची गाठ 'डाकीण' या कल्पनेशी पडली. माळवा व मध्य भारतातील तत्सम प्रथेचे वर्णन जॉन माल्कम याने १८२३ च्या ग्रंथात केले होते. संशयित स्त्रीच्या डोळ्यांत मिरची भरणे, तिला झाडाला उलटे टांगून झोके देणे, पाण्यात टाकून परीक्षा पाहणे, हे प्रकार या भागाविषयीच्या वसाहतकालीन लेखनात पुनःपुन्हा येतात. कोणी आजारी पडले की भगताकडे जावयाचे. भगताने दाणे पाहून अथवा अंगात आणून नाव सांगावयाचे. नाव निघाले की त्या स्त्रीकडून बाधा काढून घेण्याची कबुली मिळवावयाची. कबुली दिली तर ती डाकीण ठरे. न दिली तर छळ वाढे.

नव्या सरकारने हे प्रकार गुन्हा ठरविले. मेवाडातही १८५३ मध्ये इंग्रजांच्या आग्रहाने डाकीण-प्रथेवर बंदी आली. १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेत चेटूक हा अपराधच नव्हता. डाकीण समजून मारणे हा खून होता. मानवी दृष्टीने हा बदल योग्य दिशेचा होता, यात शंका नाही. साधनांच्या दृष्टीने मात्र त्याचा परिणाम विलक्षण झाला. इंग्लंडमध्ये चेटकीण आरोपीच्या पिंजऱ्यात होती, म्हणून तिचे बोलणे नोंदले गेले. खानदेशात पिंजऱ्यात मारणारा आला. त्याला विचारले गेले : का मारलेस? त्याने सांगितले : तिने माझे मूल खाल्ले. कागदावर उमटले ते त्याचे दुःख, त्याची भीती, त्याची श्रद्धा. ती स्त्री पंचनाम्यात आली, जखमांच्या वर्णनात आली. ती जिवंत सुटली असेल तर फिर्यादी म्हणून चार ओळी तिच्या वाट्याला आल्या.

अजय स्कारिया यांनी १९९७ मध्ये पश्चिम भारतातील स्त्रिया, चेटूक आणि हिंसा या विषयावर लिहिलेल्या निबंधात डांग व परिसरातील अशा सामग्रीचे सूक्ष्म वाचन केले आहे. डाकिणीविषयीची भीती ही घरातील व नात्यातील स्त्रियांच्या अदृश्य सामर्थ्याविषयीची पुरुषांची भीती होती, या अंगावर त्यांनी भर दिला. बंदीमुळे डाकिणी माजल्या, ही तक्रार आदिवासी भागांतून वसाहतकाळात वेळोवेळी ऐकू येते. सरकारने हिंसा रोखली. परंतु ज्या भीतीतून हिंसा निर्माण होते ती भीती तशीच ठेवली आणि शासनकर्त्यांना डाकिणींचे पाठीराखे ठरविले गेले.

इंग्लंडच्या इतिहासात या टप्प्याला समांतर असा प्रसंग आहे, आणि तुलना करावयाची तर १६१२ च्या पेंडलशी न करता त्याच्याशी करणे अधिक उचित ठरेल. १७३६ मध्ये कायदा रद्द झाल्यानंतर पंधरा वर्षांनी, १७५१ मध्ये, हर्टफर्डशरमधील ट्रिंगजवळ जमावाने रूथ ऑस्बोर्न या वृद्ध स्त्रीला चेटकीण म्हणून तळ्यात बुचकळून मारले. तिचा नवराही तिच्याबरोबर होता. पुढाकार घेणाऱ्या टॉमस कॉली याला खुनाबद्दल फाशी झाली. फाशी पाहण्यास आलेले लोक दूर उभे राहून कुरकुरले, की चेटकीण नाहीशी करणाऱ्याला सरकार मारते. हे उद्गार आणि वसाहतकालीन तक्रारी यांत शंभर वर्षांचे व सात समुद्रांचे अंतर असूनही आशय एकच आहे. कायदा समाजाच्या पुढे गेला की आरोप नाहीसा होत नाही. तो कागदावरून उतरून तोंडी होतो. रूथ ऑस्बोर्नविषयीही जे कागद आहेत ते कॉलीच्या खटल्याचे आहेत. एलिझाबेथ सॉयरला नाटक मिळाले. रूथला तसे मिळाले नाही.

५

साधनांतील या विषमतेचा भाषेशी असलेला संबंध आता पाहता येईल. मराठीत या कल्पनाक्षेत्रातील शब्दसंपत्ती मोठी आहे : चेटूक, करणी, मूठ, जारणमारण, भानामती, करणारी ती चेटकीण, डाकीण, वारल्यांत भुताळी, शोधणारा व उतरविणारा तो देवरुषी, भगत, जाणता. यांतील 'करणी' हा शब्द 'करणे' या साध्या क्रियापदाचा आहे. जे केले जाते पण काय केले हे सांगता येत नाही, ते करणी. 'मूठ' हा शब्द कृतीचा आकार तेवढा सांगतो. आरोपाच्या भाषेचे सामर्थ्य अशा अस्पष्टतेत असते.

'चेटूक' हा शब्द संस्कृत चेट, चेटक म्हणजे सेवक, दास याच्याशी जोडला जातो. मांत्रिकाच्या कह्यात राहून काम करणारे भूत ते त्याचे चेटक. कोकणातील 'चेडा' या भुताचे नावही याच कुळातील दिसते. इंग्रजी खटल्यांत आरोपित स्त्रीजवळ जे मांजर, बेडूक वा कुत्रा असे, त्याला 'फॅमिलिअर' म्हणत. तो शब्दही घर आणि घरचे चाकर या अर्थाच्या लॅटिन मुळातून आला. दोन दूरच्या भाषांनी दुष्ट शक्तीची कल्पना घरगड्याच्या रूपात करावी, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. जिच्या घरी चाकर असण्याची शक्यता नाही, त्या स्त्रीला अदृश्य चाकर बहाल करण्यात तिच्या दारिद्र्याचे विपरीत प्रतिबिंब आहे. जिला कोणी काही देत नाही, ती चाकराकरवी सारे ओढून नेते, ही देणाऱ्याच्या मनातील धास्ती होय.

मध्ययुगीन मराठी संतवाङ्मयाने या शब्दसंपत्तीचा उपयोग वेगळ्या कारणासाठी केला. एकनाथांनी (१५३३–१५९९) भारुडांत भूत लागणे, अंगात येणे, ते उतरविणे या लोकव्यवहाराला आध्यात्मिक रूपकाचे स्वरूप दिले. एकनाथ आणि रेजिनाल्ड स्कॉट हे समकालीन होते. स्कॉटने चेटकाचे खंडन केले. एकनाथांनी त्याचा अर्थ बदलला. तुकोबांनी अंगात आणणाऱ्यांचा व नवससायासांचा रोखठोक उपहास केला. तथापि खंडन, रूपक व उपहास या तिन्ही रीतींत लक्ष भुताकडे किंवा भगताकडे आहे. जिच्यावर आळ आला ती स्त्री चौकटीबाहेर राहते.

अर्वाचीन काळात इंग्रजी वाङ्मय मराठीत आले आणि त्याच्याबरोबर इंग्रजी 'विच'ही आली. शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'चे शि. म. परांजपे यांनी 'मानाजीराव' हे रूपांतर केले, वि. वा. शिरवाडकरांचे 'राजमुकुट' १९५४ मध्ये आले. परीकथांच्या भाषांतरांतून टोकदार नाकाची, झाडूवर बसणारी म्हातारी घरोघर पोचली आणि 'चेटकीण' हा शब्द तिला चिकटला. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातील चेटकीण ही दिलीप प्रभावळकरांनी अजरामर केलेली भूमिका. मुले तिला भितात आणि तिच्यावर प्रेमही करतात. यात आक्षेपार्ह काही नाही. परंतु या प्रवासात एक सांस्कृतिक विभागणी घडली. चेटकीण हा शब्द शहरी मराठी मनात परीकथेचा झाला, तर डाकीण हा शब्द सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुवा परिसरात जिवंत स्त्रीच्या जिवावर बेतणारा राहिला. एक शब्द रंगभूमीवर गेला, दुसरा पोलीस ठाण्यात. पहिल्या शब्दामागे लँकेस्टरच्या आणि एडमंटनच्या एलिझाबेथ सॉयरच्या फाशीचा इतिहास आहे, तो मराठी प्रेक्षकाला ठाऊक नाही. दुसऱ्यामागे त्याच्याच राज्यातील वर्तमान आहे आणि त्याचा पहिल्याशी संबंध असल्याची जाणीव त्याला नाही. भाषांतराने हिंसा मागे ठेवून आकृती तेवढी आणली.

६

हे दोन शब्द पुन्हा शेजारी आले ते कायद्याच्या भाषेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी व महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने अनेक वर्षे ज्या कायद्याचा आग्रह धरला, तो २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाल्यानंतर प्रथम वटहुकमाच्या रूपाने व त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाच्या संमतीने आला. नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणाऱ्या या कायद्यात सहा महिने ते सात वर्षे कारावास व पाच ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. त्याच्या अनुसूचीत एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटविते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा अपराध ठरविला आहे. जारणमारण, करणी वा चेटूक यांच्या नावाखाली मारहाण करणे, नग्न धिंड काढणे, दैनंदिन व्यवहारांवर बंदी घालणे हेही त्यात येते.

या अनुसूचीतील आटलेले दूध अभ्यासकाला थेट एसेक्सच्या आरोपपत्रांकडे नेते. १५६६ मध्ये जो तपशील स्त्रीविरुद्धचा पुरावा होता, तोच २०१३ मध्ये तिच्यावर आळ घेणाऱ्याच्या अपराधाची व्याख्या झाला. बिहार (१९९९), झारखंड (२००१), छत्तीसगड (२००५), ओडिशा (२०१३), राजस्थान व आसाम (२०१५) या राज्यांनीही या स्वरूपाचे कायदे केले. तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात चेटूक हे कारण असलेल्या ८५ खुनांची नोंद आहे. खुनापर्यंत न पोचलेले बहिष्कार, स्थलांतर आणि मारहाण या आकड्यात येत नाहीत.

नव्या कायद्याचा एक परिणाम साहित्याभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. भासविणे, धिंड काढणे, बंदी घालणे हेच अपराध झाल्यामुळे जिवंत असलेली पीडित स्त्री फिर्यादी म्हणून बोलू शकते. खुनाच्या दप्तरात तिला जी जागा नव्हती, ती येथे निर्माण झाली आहे. अर्थात फिर्यादही ठाण्याच्या भाषेत लिहिली जाते. भिली किंवा पावरी बोलणाऱ्या स्त्रीचे म्हणणे प्रमाण मराठीत उतरताना त्याचा साचा होतो, आणि गुडकोल वा पॉट्स यांच्या लेखणीविषयी जी सावधगिरी बाळगावी लागते ती येथेही बाळगावी लागेल. चौकशीकाराचा थर आणि बोलणारीच्या जगाचा थर वेगळे काढण्याची जी पद्धत इंग्रजी कबुल्यांच्या वाचनातून विकसित झाली, तिचा उपयोग या नव्या कागदांच्या वाचनाला होऊ शकतो.

तौलनिक साहित्याने आजवर इंग्रजी 'विच' आणि मराठी 'चेटकीण' यांची तुलना केली ती बहुधा प्रभावाच्या दिशेने : मूळ काय, रूपांतर काय, काय गळले, काय जोडले. दप्तरांची तुलना केली तर प्रश्न बदलतात. कोणत्या समाजाने कोणाला बोलते केले, कोणत्या हेतूने केले आणि ते बोलणे वाङ्मयापर्यंत कोणत्या वाटेने पोचले, हे पाहावे लागते. इंग्लंडने चेटकिणीला मारण्यासाठी तिचे ऐकले. वसाहतीच्या राज्याने डाकिणीला वाचविण्याचा यत्न केला, पण तिचे ऐकले नाही. मराठीच्या अभ्यासकांपुढे आज तिसरी शक्यता उघडी आहे : तिला वाचविणे आणि तिचे ऐकणे या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर घडाव्यात, आणि तो कागद तिच्या बोलीला परका नसावा. अशा कागदांचे संकलन, लिप्यंतर व संपादन हे काम इतिहासाचे जेवढे आहे तेवढेच साहित्याचे आहे.